आवाज क्रेनचा नव्हता

नणंदेचं कौतुक करणारी भावजय मी तरी अजून पाहिलेली नाही. माझ्या आईला विचारा, मावशीला विचारा, नणंद म्हटलं की दोघींचं तोंड आंबट होतं. पण मी कौतुक करणार. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं खुशाल उठून जावं.

माझी नणंद टॉवर क्रेन चालवते. उंच इमारत बांधताना शेजारी लोखंडी मनोरा उभा असतो, त्याच्या डोक्यावर लांबलचक आडवा हात आणि मानेजवळ काचेची केबिन, ती क्रेन. त्या केबिनमध्ये ताई बसतात आणि खाली जमिनीवर मी. माझं काम सिग्नलचं. कुठला माल बांधलाय, कुठे न्यायचा, किती वर, किती डावीकडे, हे मी वॉकीटॉकीवर सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. लोकांच्या घरी नणंद हुकूम सोडते, आमच्याकडे दिवसभर उलटं चालतं. माझा नवरा, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, म्हणतो की म्हणूनच तुमचं पटतं, साइटवर एवढी हौस फिटल्यावर घरी भांडायला दम कुठे उरतो.

साइटवर त्यांना सगळे आत्या म्हणतात. माझी मुलगी एकदा सुट्टीत गेटपाशी आली, मान वर करून "आत्याऽऽ" म्हणून ओरडली आणि त्या दिवसापासून ताई सगळ्या साइटच्या आत्या झाल्या. मला शिट्टी म्हणतात. गळ्यात शिट्टी असते म्हणून, असं मी समजते. शटरिंगचा, म्हणजे काँक्रीटचे साचे ठोकणाऱ्यांचा फोरमन आहे, त्याला आम्ही दाढी म्हणतो, तो सांगतो कारण वेगळं आहे. त्याच्या नादाला मी लागत नाही.

ताईंचा हात काय सांगू तुम्हाला! सळ्यांचा अख्खा भारा हवेतून येतो आणि स्लॅबवर असा टेकतो की खालची धूळसुद्धा हलत नाही. भिंतीपलीकडे, त्यांना काही दिसत नाही अशा जागी त्यांनी नुसत्या माझ्या शब्दांवर काँक्रीटची बादली उतरवलीय. दुसऱ्या ऑपरेटरांना मी "हळू, हळू, अहो हळू!" म्हणून घसा फोडते. ताईंना एकदाच "हळू" म्हणावं लागतं, तेही सवयीनं. सुरुवातीला त्या खाली माल बांधायच्या कामावर होत्या. वर बघत बघत शिकल्या, परीक्षा दिल्या, आणि या भागात त्या खुर्चीत बसणारी पहिली बाई झाल्या. एकदा मला म्हणाल्या होत्या, "वर गेलं ना, की मी मला आवडते." बाईमाणूस स्वतःबद्दल असं कधी बोलतं का हो? मी तर ऐकतच राहिले.

तर या ताईंची खुर्ची जायची वेळ आली होती, त्याची ही गोष्ट.

सुरुवात पोटानं झाली. कसलं तरी दूषित पाणी पोटात गेलं आणि त्या आठवडाभर अंथरुणाला खिळल्या. जुलाब थांबले, ताप गेला, पण पोट काही पहिल्यासारखं झालं नाही. सकाळी उठल्या की बेंबीखाली डावीकडे कळ. संडासला जाऊन आलं की बरं वाटायचं, पण जरा वेळानं पुन्हा तेच. कधी पोट फुगून पँटचं बटण लागायचं नाही, कधी दोन-तीन दिवस काही होतच नसे आणि मग एकदम घाई. तपासण्या सगळ्या झाल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळी घालून आत कॅमेऱ्यानं बघणंही झालं. सगळं स्वच्छ! "काही नाही, टेन्शन घेऊ नका," असं तो पहिला डॉक्टर म्हणाला. त्या दिवसापासून ताईंनी घरात पोटाचं नाव काढणं बंद केलं. मला वाटलं, बरं झालं, सुटल्या एकदाच्या.

आता आमच्या साइटची एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडे वॉकीटॉकीचा एकच चॅनेल. ताई, मी, दाढी, काँक्रीटवाले, गेटवाले, ऑफिस, सगळे त्याच्यावरच. कोणी शिंकलं तरी सगळ्यांना ऐकू जातं. आणि नियम असा, की ऑपरेटर खुर्चीवरून उठला तर चॅनेलवर सांगायचं, कारणासकट. खाली कोणी हुकाजवळ उभा असेल, तर वर खुर्चीत माणूस आहे की नाही हे त्याला कळलं पाहिजे ना! बाकीचे ऑपरेटर मधूनच एकदा "जाऊन येतो" म्हणतात, की विषय संपला. पण ज्या बाईला सकाळच्या पाळीत चारदा उतरावं लागतं, तिनं एवढ्या पुरुषांच्या कानात चारदा काय सांगायचं?

ताईंनी एक दिवस सांगितलं, "माथ्यावर आवाज येतोय. बघून येते."

क्रेनचा माथा ज्या मोठ्या चकतीवर फिरतो तिला आम्ही रिंग म्हणतो. तिथे आवाज येतोय म्हटल्यावर कोणाची हू की चू करायची हिंमत नाही. ताई शिडीवरून सरसर खाली यायच्या, कंटेनरमागच्या संडासात जायच्या, येताना ग्रीसचा डबा हातात दिसेल असा धरायच्या आणि पुन्हा वर. मलाही शंका आली नाही. येणार कशी? त्या खोटं बोलतील हे माझ्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

उलट मी काय केलं ऐका. आवाज, आवाज, रोज आवाज! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ ऑफिसात घुसले आणि टेबलावर हात आपटून म्हटलं, "माझी नणंद त्या डब्यात बसते दिवसभर! माथा निखळून खाली आल्यावर मेकॅनिक बोलावणार का तुम्ही?" सेफ्टीचे साहेब समोर बसले होते. उंच, सुकलेला माणूस, हसताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे." लगेच क्रेन बंद. सगळी साइट हातावर हात धरून बसली.

मेकॅनिक आला, पट्टा बांधून माथ्यावर लोंबकळला, एकेक बोल्ट आवळून बघितला, रिंगला कान लावला. खाली येऊन म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे." मी त्याच्याशी भांडले. "ठणठणीत कसं? त्यांना ऐकू येतंय ना!" तो बिचारा पुन्हा चढला. पुन्हा काही नाही. मग ऑफिसात ठरलं की उद्या अख्खा माथा उतरवायचा आणि रिंग उघडून बघायची. म्हणजे वाऱ्यात, एवढ्या उंचीवर, चार माणसं सुट्या भागांवर उभी राहणार.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. ताई आल्या, दाराला टेकून उभ्या राहिल्या. चेहरा असा, की मी सुरी खाली ठेवली.

"क्रेनला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला झालंय."

मग सगळं बाहेर आलं. सकाळी काही खाल्लं की वर गेल्यावर कळ येईल म्हणून त्या दिवसभर उपाशी राहत होत्या. नुसत्या काळ्या कॉफीवर! पाणीसुद्धा घोट घोट. आणि संध्याकाळी घरी आल्या की भुकेनं वखवखून ताट भरून जेवायच्या. मी मनात म्हणायची, मेहनतीचं अंग आहे, लागते भूक. शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवला की पोटात गोळा येतो, वर पोचेपर्यंत घाम फुटतो, केबिनचं दार लावलं की एकच विचार, आता आली तर?

"तो माणूस आज दोनदा लोंबकळला माझ्या खोट्यापायी," त्या म्हणाल्या. "उद्या चार लोंबकळतील."

मला राग आला. खोटं बोलल्याचा नव्हे, मला न सांगितल्याचा. म्हटलं, "अहो, मी तुमचे कपडे धुते, तुमच्या डोक्याला तेल लावते, आणि पोट दुखतं एवढं तुम्हाला मला सांगता येत नाही?" त्या रडायला लागल्या. मग मीही रडले. माझा नवरा दारात येऊन बघून गेला आणि कांद्यामुळे असेल असं समजून परत टीव्हीसमोर बसला.

रात्रीतून मी एक योजना आखली होती. साहेबांना गुपचूप एकटं गाठायचं, त्यांना म्हणायचं की आवाज आपोआप थांबला, बाहेर कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. सकाळी गेटपाशी मी ती ताईंना सांगत होते, तेवढ्यात माणसं पट्टे बांधायला लागलेली दिसली. ताईंनी माझ्या हातातला वॉकीटॉकीचा सेट काढून घेतला. मला वाटलं साहेबांना हाक मारतायत. त्यांनी बटण दाबलं.

"सगळ्यांना सांगते. आत्या बोलतेय. माथ्यावर कोणी चढू नका. क्रेनमध्ये आवाज नाही, कधीच नव्हता. मला पोटाचा आजार आहे. कळ येते आणि ताबडतोब संडासला जावं लागतं. ते सांगायची लाज वाटली म्हणून मी आवाजाचं सांगत होते. क्रेन ठीक आहे. चूक माझी आहे."

मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात दाढीचा आवाज आला, घाबरलेला: "आत्या, गरम पाणी पाठवू का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी सेट हिसकावला आणि बटण दाबून विचारलं, "कोण हसलं? समोर ये! तुझ्या घरात संडास नाही का बांधलेला?" पुढे आणखीही बरंच बोलले, ते इथे सांगत नाही. ताईंनी माझा हात खाली केला आणि म्हणाल्या, "चॅनेल मोकळा ठेव गं."

अशी हिंमत माझ्यात नाही. मी भांडते, आरडाओरडा करते, पण जी गोष्ट सांगताना मान खाली जाते ती सगळ्यांच्या कानात एका दमात सांगणं मला जन्मात जमणार नाही. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

सेफ्टीसाहेबांना मात्र अभिमानबिभिमान काही नव्हता. त्यांनी ताईंना ऑफिसात बोलावलं. मीही घुसले. "खोट्या तक्रारीवर तुम्ही माणसं वर चढवलीत," ते म्हणाले. ताई म्हणाल्या, "हो." एवढंच. पोटाचं रडगाणं नाही, गयावया नाही. साहेबांनी खुर्ची काढून घेतली. तात्पुरता दुसरा ऑपरेटर बसेल, ताईंनी खाली माल बांधण्याच्या कामावर राहायचं, चांगल्या डॉक्टरांचं म्हणणं लेखी आणायचं आणि त्यानंतर साहेब स्वतः परीक्षा घेणार. "तेव्हासुद्धा हो म्हणेनच असं नाही," हेही त्यांनी सांगून टाकलं. आणि आमच्या धंद्यात एका साइटनं नाही म्हटलं की दुसरीकडे आधीच कळलेलं असतं. साहेब नाही म्हणाले असते, तर ताई पुन्हा कधीच कुठल्या क्रेनमध्ये बसल्या नसत्या.

डॉक्टरीणबाई मी शोधून काढल्या. पोटाच्याच डॉक्टर, केस पिकलेल्या, बोलायला शांत. आमची ती जाडजूड फाइल त्यांनी सगळी वाचली, मग बाजूला ठेवून प्रश्न विचारायला लागल्या. जाऊन आल्यावर दुखणं कमी होतं का? होतं. झोपेतून उठवतं का? कधीच नाही. रक्त पडतं का, वजन उतरलंय का, ताप येतो का? नाही, नाही, नाही. सुट्टीच्या दिवशी? ताई म्हणाल्या, "अर्धंच दुखतं."

"म्हणूनच मला वाटायचं," ताई खाली मान घालून म्हणाल्या, "की हे माझ्या मनाचेच खेळ आहेत."

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "याला आयबीएस म्हणतात. तुमच्या आतड्याची बांधणी चांगली आहे, वागणं बिघडलंय. तपासणीत बांधणी दिसते, वागणं दिसत नाही, म्हणून सगळं स्वच्छ आलं. मोठ्या जुलाबानंतर काहींचं आतडं असं हळवं होऊन बसतं. दुसऱ्याला जे जाणवतही नाही, तेवढ्या गॅसनं तुम्हाला कळ येते. आतड्याचं आणि मेंदूचं सतत बोलणं चालू असतं, तुम्ही घाबरलात की ते आवळतं आणि ते आवळलं की तुम्ही घाबरता. दुखणं खरं आहे."

ताईंनी वर बघितलं. "दुखणं खरं आहे" हे तीन शब्द कोणी म्हणावेत म्हणून ताई किती थांबल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, "याचा पुढे कॅन्सर होतो का?" मला आडपडदा जमत नाही. बाई म्हणाल्या, नाही होत. पण एका गोळीनं कायमचं जातही नाही. सांभाळायला शिकायचं. रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, झोपेतून जाग यायला लागली, तर मात्र लगेच परत यायचं, हे आयबीएसच असेल असं धरून बसायचं नाही.

मग उपाशी राहण्यावरून ताईंना जे ऐकावं लागलं! रिकाम्या पोटावर कॉफी आणि संध्याकाळी एकदम डोंगर, यानं आतडं आणखी बिथरतं. सकाळी लवकर उठून थोडं खा, खाल्ल्यावर आतडं आपणहून हलतं, त्याला घरीच निवांत वेळ द्या, मग कामावर या. दिवसभर थोडं थोडं, ठरल्या वेळी. कॉफी कमी. पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंची पूड चिमटीनं सुरू करून हळूहळू वाढवायची. कळीसाठी गोळी दिली. पोटातून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. काही पदार्थ थोड्या आठवड्यांसाठी थांबवून मग एकेक करून परत आणायला सांगितले, म्हणजे दोषी कोण ते कळतं. "सगळंच सोडून बसायचं नाही हं," त्यांनी बजावलं. "लोक घाबरून सगळं सोडतात आणि मग नुसत्या भातावर जगतात."

शेवटी विचारलं, "कामावर कोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना," मी म्हटलं. "गेटवाल्यासकट."

बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "मग सगळ्यात जड ओझं यांनी आधीच उतरवलंय."

आता खरं कौतुक इथून पुढे आहे. हिंमत एका मिनिटाची असते हो, रोजचं निभावणं वेगळं. मी ताईंच्या जागी असते तर तिसऱ्या दिवशी पूड खिडकीतून फेकली असती. ताई अंधार असतानाच उठायच्या, अंडं आणि भाजलेला पाव खायच्या, निवांत बसायच्या, मग घराभोवती चालून यायच्या. घरातून कांदा-लसूण हद्दपार झाला. माझा नवरा पहिल्याच दिवशी ताटाकडे बघून म्हणाला, "हे काय, दवाखाना उघडलाय का?" त्याला मी असं काही बघितलं की त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग एकेक पदार्थ परत आला. फ्लॉवरनं काही झालं नाही. दूध आलं आणि पोट ढोल झालं. लसूण जरासा चालतो, पण कांद्यानं दोन दिवस लोळवलं. सगळ्याचं खापर आम्ही ज्या तिखटावर फोडत होतो, ते बिचारं थोडं असलं तर मुकाट्यानं पचत होतं.

सगळं सुरळीत झालं असं नका समजू. मध्येच एक आठवडा असा आला की सगळं पाळूनसुद्धा रोज कळा. ताई बाथरूमच्या दाराबाहेर जमिनीवर बसून म्हणाल्या, "काय उपयोग गं?" मी म्हटलं, "उपयोग नसेना, तुम्ही उठा, माझे पाय दुखतायत, फिरायला चला." आल्या माझ्याबरोबर. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधारात उठल्या आणि पाव भाजायला ठेवला. ते बघून मला भरून आलं. चिडचिड नाही, नशिबाच्या नावानं बोटं मोडणं नाही. पोटाशी त्या अडेल जनावराशी वागावं तशा वागत होत्या, ते ओढून चालत नाही, त्याच्या बाजूनं चालावं लागतं.

साइटवर त्या खाली माल बांधत होत्या. वरचा नवा ऑपरेटर माल आदळायचा तेव्हा त्यांच्या बोटांची नुसती चुळबुळ व्हायची. पोट बिघडलं की त्या सरळ चॅनेलवर सांगायच्या, "आत्या संडासला चाललीय." सुरुवातीला चॅनेलवर खाकरणं ऐकू यायचं. नंतर त्यात कोणाला काही वाटेनासं झालं. एकदा दाढीनं स्वतःच सांगितलं, "मीपण चाललोय, आजारबिजार नाही, काल जास्त जेवलो." ताई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी लेखी दिलं आणि अखेर परीक्षेचा दिवस आला. साहेबांनी काम निवडलं तेही असलं! काँक्रीटचा तयार जिना, अख्खाच्या अख्खा, उचलून दोन भिंतींमधल्या फटीत उतरवायचा. दोन्ही बाजूंना जेमतेम बोटं जातील एवढी जागा. माझी तर पाचावर धारण बसली. आता ताई वर आणि मी खाली, साहेब माझ्या शेजारी हात मागे बांधून उभे.

जिना उचलला. वर चढला, फिरला, सरकत आला. मी बोलत होते, ताई ऐकत होत्या, आणि तो एवढा थोरला जिना असा येत होता की हेलकावा म्हणून नाही. सगळी साइट मान वर करून बघत होती. भिंतीच्या डोक्यावर आला. आता फक्त खाली घ्यायचा होता.

"थांब," ताईंचा आवाज आला. "कळ आली. गोळी घेतली होती, तरी आलीय."

मनात म्हटलं, ताई, दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं दात आवळून धरा! एवढाच तर राहिलाय, मग काय हवं ते करा! माझं बोट बटणावर होतं. हे मी चॅनेलवर बोलणार होते, साहेबांसमोर.

त्याआधी त्याच बोलल्या. "हात स्थिर राहणार नाही माझा. फटीत उतरवत नाही. परत जमिनीवर घेतेय. जागा मोकळी कर."

आणि त्यांनी तो जिना परत फिरवला. आला तसाच, तितकाच सावकाश, तितकाच अलगद. मी सिग्नल देत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण सगळं संपलं होतं. जिना लाकडी ठोकळ्यांवर टेकला. आम्ही हुक सोडला. त्यांनी हुक वर घेतला, क्रेनचा हात वाऱ्यावर मोकळा सोडला, कारण ऑपरेटर उतरताना तो अडकवून ठेवायचा नसतो, आणि मग चॅनेलवर म्हणाल्या, "आत्या खुर्ची सोडतेय. पोटासाठी." शिडीवरून उतरल्या, आम्हा दोघांच्या समोरून गेल्या आणि कंटेनरमागे वळल्या.

मी साहेबांकडे वळले. म्हटलं, "एक शब्द बोलू नका. त्या बाईनं काय काय केलंय तुम्हाला माहीत नाही. तुमच्या पोटात अशी कळ येऊ दे एकदा, मग बघते मी तुमची परीक्षा! आणि नाही म्हणायचं असेल तर ते त्यांच्या तोंडावर म्हणा, मागून कागद पाठवू नका—"

"अहो, ऐकून तर घ्या," साहेब म्हणाले.

"काय ऐकायचं?"

"पोट दुखतं की नाही, हे बघायला मी हे काम दिलं नव्हतं. दुखलं तर त्या काय करतात, ते मला बघायचं होतं. आज दुखलं नसतं तर मी उद्या पुन्हा बोलावलं असतं, परवा पुन्हा." ते जिन्याकडे बघत होते. "एवढं सगळं पणाला लागलेलं असताना, आणि सगळे बघत असताना, माल परत जमिनीवर ठेवणारा ऑपरेटर मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही. खुर्ची त्यांची आहे. सांगा त्यांना."

मी तोंड उघडेपर्यंत साहेब गेलेसुद्धा.

ताई आल्या. तोंड धुतलेलं, चेहरा पांढराफटक. त्यांनी काही विचारलं नाही. मला वाटतं त्यांनीही धरलंच होतं की संपलं. फक्त जिन्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो बसवूनच जाऊ या. अर्धं काम टाकून मला घरी झोप लागणार नाही." आणि मी काही सांगायच्या आत शिडीवर चढायला लागल्यासुद्धा.

मी खाली उभी, त्या एकेक पायरी वर जातायत. न थांबता, न घाई करता. केबिनचं दार लागलेलं दिसलं. हुक खाली आला, आम्ही जिना बांधला.

"बसले," ताईंचा आवाज आला. "बोल."

मी बटण दाबलं. खुर्ची तुमचीच आहे, एवढं सांगायचं होतं, पण घशातून आवाजच फुटेना. सगळी साइट ऐकत होती आणि माझ्या तोंडून एक अक्षर निघत नव्हतं.

"शिट्टी? बोल ना गं. काय म्हणाले साहेब?"

मी सेट छातीशी धरला, चार पावलं मागे सरकले, त्यांना नीट दिसेन अशी उभी राहिले, आणि उजवा हात सरळ वर करून बोट गोल फिरवलं. उचला.

वर काचेआड त्या क्षणभर हलल्या नाहीत. मग जिना जमिनीपासून सुटला.